हळदीतलं कर्क्युमिन काढून त्याला कवच कसं घालायचं: हिशेब न चुकवता

वनस्पतीतला उपयुक्त घटक काढायचा आणि तो अन्नातून किंवा औषधातून पोटात नेमक्या जागी पोहोचेल असं कवच त्याला घालायचं, हे काम प्रयोगशाळेत बहुतेकदा एकाच कारणाने फसतं. टप्प्याटप्प्याला किती माल हातात होता आणि किती हातातून गेला, याचा हिशेबच ठेवलेला नसतो. शेवटी ‘९२ टक्के कार्यक्षमता’ असा आकडा येतो आणि तो कशाच्या तुलनेत आहे हे विचारलं की उत्तर मिळत नाही. म्हणून या लेखात प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे. ती झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उदाहरण म्हणून हळदीतलं कर्क्युमिन घेतलं आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात टिकत नाही आणि अल्कधर्मी द्रावणात झपाट्याने मोडतं. असा हट्टी रेणू नीट हाताळता आला की बाकीचे बरेचसे सोपे जातात.

टप्पा १: आधी शेवट ठरवा

अर्क काढायला घेण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: तयार माल कशात मिसळायचा आहे आणि घटक शरीरात कुठे सुटायला हवा. पारदर्शक पेयात घालायचं असेल तर अल्जिनेटचे (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, कॅल्शियमने घट्ट होणाऱ्या पदार्थाचे) मणी निरुपयोगी, तिथे अतिसूक्ष्म थेंबांचं इमल्शन, म्हणजे तेलाचे थेंब पाण्यात पसरलेलं मिश्रण लागतं. कोरड्या पुडीत मिसळायचं असेल तर स्प्रे ड्राइंग, म्हणजे द्रावण गरम हवेत फवारून त्याची भुकटी करणं बरं. जठरातल्या आम्लातून सुखरूप जाऊन आतड्यात सुटायला हवं असेल तर अल्जिनेटचे मणी चांगले, कारण अल्जिनेट आम्लात आक्रसतं आणि पीएच वाढला की फुगून सैल होतं. पुढची कृती या शेवटच्या गरजेसाठी आहे. स्प्रे ड्राइंगबद्दल टप्पा ५ च्या शेवटी थोडक्यात लिहिलं आहे.

मोजणी कशी करणार हेही आत्ताच ठरवा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं हे मोजणाऱ्या यंत्रावर) ४२५ नॅनोमीटरच्या आसपास मोजणार असाल तर एक लक्षात ठेवा: हळदीत कर्क्युमिनबरोबर त्याचे दोन सख्खे नातेवाईक असतात, डिमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सीकर्क्युमिन. हे यंत्र तिघांना एकत्रच मोजतं. तेव्हा आकडा ‘एकूण कर्क्युमिनॉइड्स’चा आहे असं लिहा. तिघं वेगळे हवे असतील तर एचपीएलसीला, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला पर्याय नाही.

टप्पा २: कच्चा माल

हळकुंडं पूर्ण वाळलेली हवीत, ओलावा १० टक्क्यांच्या आत. ओली भुकटी घेतली तर तिच्यातलं पाणी अल्कोहोलला पातळ करतं, कर्क्युमिन कमी निघतं आणि साखर-पिष्टाचा चिकटा जास्त येतो. दळताना थांबून थांबून दळा. सलग चालवलेल्या ग्राइंडरचं भांडं इतकं तापतं की हळदीतलं सुगंधी तेल उडायला लागतं.

भुकटी चाळून ४० ते ६० मेशमधली (मेश म्हणजे चाळणीच्या जाळीचा क्रमांक) घ्या, म्हणजे साधारण ०.२५ ते ०.४२ मिलिमीटरचे कण. ‘जितकी बारीक तितका अर्क जास्त’ हा समज अर्धाच खरा आहे. मैद्यासारखी भुकटी गाळणकागद बुजवते, गाळायला तासन् तास लागतात आणि बराचसा अर्क चोथ्यातच अडकून राहतो.

*तपासणी:* भुकटीचा ओलावा मोजून वहीत लिहा. उतारा कोरड्या वजनावर काढायचा असतो. ओल्या वजनावरचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

टप्पा ३: अर्क काढणं

द्रावक म्हणून ९५ टक्के इथेनॉल घ्या. मिथेनॉल किंवा ॲसिटोनने काम होतं, पण माल अन्नात किंवा औषधात जाणार असेल तर उरलेल्या द्रावकाची मर्यादा आड येते. औषधांत उरलेल्या द्रावकांसाठीच्या आयसीएच क्यू३सी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत इथेनॉल तिसऱ्या, म्हणजे कमी धोक्याच्या गटात येतं आणि त्याची सर्वसाधारण मर्यादा ५००० पीपीएम (दर दहा लाख भागांत ५००० भाग) आहे. मिथेनॉलची ३००० आणि हेक्झेनची अवघी २९०. औद्योगिक वापरासाठी विषारी द्रव्य मिसळलेलं डिनेचर्ड स्पिरिट खाण्याच्या कामासाठी कधीही चालत नाही.

१. ५० ग्रॅम भुकटी काचेच्या भांड्यात घ्या, त्यात ५०० मिली इथेनॉल घाला.
२. भांड्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा. हे आत्ताच करा, ‘नंतर करू’ म्हणून सोडू नका.
३. पाण्याच्या बाथवर ५० अंश सेल्सिअसला एक तास ढवळा. तोंडावर कंडेन्सर (वाफ थंड करून परत द्रव करणारी नळी) असू द्या.
४. गाळा, चोथा दाबून निथळवा आणि त्याच चोथ्यावर ताजं इथेनॉल घालून आणखी दोनदा हेच करा.
५. तिन्ही गाळण एकत्र करा, एकूण आकारमान मोजा.

*इशारा:* इथेनॉलची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते. उघडी शेगडी, ठिणगी पडणारं बटण, गरम हॉटप्लेट यांपैकी काहीही जवळ नको. अल्ट्रासाउंडचा प्रोब इथेनॉलच्या उघड्या भांड्यात घालू नका.

द्रावक एकदम ओतण्याऐवजी वाटून का ओतायचं, हे आकड्यांतच पाहा. १० ग्रॅम भुकटीचा चोथा गाळल्यानंतरही साधारण २० मिली द्रावण धरून ठेवतो असं समजा, आणि कर्क्युमिन पहिल्या फटक्यात पूर्ण विरघळलं असंही धरा. २०० मिली एकदम वापरलं तर चोथ्यात २०० पैकी २० मिली, म्हणजे १० टक्के कर्क्युमिन अडकतं. तेच १०० मिली दोनदा वापरलं तर पहिल्यांदा २० टक्के मागे राहतं, पण दुसऱ्यांदा १०० मिली घातल्यावर ते १२० मिलीत पसरतं आणि त्यातले २० मिलीच मागे राहतात. नुकसान ३.३ टक्क्यांवर येतं. द्रावक तितकंच, तोटा एक तृतीयांश.

सॉक्सलेटची, म्हणजे तेच द्रावक उकळून पुन्हा पुन्हा भुकटीवर फिरवणाऱ्या उपकरणाची सवय असलेले इथे हमखास चुकतात. भुकटीत एकूण किती कर्क्युमिन आहे हे मोजायला सॉक्सलेट ठीक आहे, पण त्यात निघालेला अर्क तासन् तास उकळत्या फ्लास्कमध्ये बसून राहतो. पुढे वापरायच्या मालासाठी मी ते टाळते.

*तपासणी:* चोथ्यावर चौथ्यांदा थोडं इथेनॉल फिरवा आणि त्यातलं कर्क्युमिन मोजा. ते आधीच्या तिन्ही गाळणांच्या बेरजेच्या २-३ टक्क्यांहून जास्त निघालं, तर काम अर्धवट राहिलं आहे.

टप्पा ४: द्रावक उडवणं आणि अर्काची खरी किंमत

रोटरी इव्हॅपोरेटरवर (फ्लास्क फिरवत कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) बाथ ६० अंशांच्या वर नेऊ नका. दाब १७५ मिलीबारच्या आसपास आणला की इथेनॉल ४० अंशांनाच उकळतं आणि कंडेन्सरमधलं पाणी २० अंशांच्या खाली असलं की वाफ नीट निवते. फ्लास्क निम्म्याहून जास्त भरू नका. दाब हळूहळू उतरवा, नाहीतर अर्क उसळून कंडेन्सरमध्ये जातो. घट्ट पाकासारखा अर्क राहिला की थांबा. शेवटचं इथेनॉल नायट्रोजनच्या हलक्या झोतात किंवा व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ४० अंशांना काढा.

इथेनॉल पूर्ण जाणं फक्त नियमासाठी गरजेचं नाही. अर्कात ते शिल्लक असलं तर पुढे अल्जिनेटच्या द्रावणात धागे आणि गोळे तयार होतात, आणि कित्येक जण त्याचा दोष अल्जिनेटला देतात.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. हा तेलकट, चिकट अर्क म्हणजे कर्क्युमिन नव्हे. त्यात सुगंधी तेल, राळ आणि इतर बरंच काही असतं. समजा ५० ग्रॅम भुकटीतून ५.२ ग्रॅम अर्क निघाला आणि मोजल्यावर त्यात १.३ ग्रॅम कर्क्युमिनॉइड्स सापडले. म्हणजे अर्क २५ टक्क्यांचा. पुढच्या टप्प्यात ३० मिलिग्रॅम कर्क्युमिन हवं असेल तर अर्क १२० मिलिग्रॅम घ्यावा लागेल. थेट ३० मिलिग्रॅम अर्क तोलून त्याला ‘३० मिलिग्रॅम कर्क्युमिन’ म्हणणाऱ्या वह्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता पहिला प्रश्न तोच विचारते.

मोजण्यासाठी प्रमाण (शुद्धता माहीत असलेल्या) कर्क्युमिनची इथेनॉलमधली द्रावणं १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रतिमिली या टप्प्यात करा. शोषकता (यंत्रावर दिसणारा प्रकाश शोषण्याचा आकडा) साधारण ०.२ ते ०.८ या पट्ट्यात ठेवा, नमुना गडद असेल तर पातळ करा. प्रमाण द्रावण त्या त्या दिवशी ताजं करा.

*तपासणी:* वहीत दोन आकडे हवेत: अर्काचं वजन आणि अर्कातल्या कर्क्युमिनॉइड्सचा टक्का. दुसरा नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा ५: तेल, इमल्शन, मणी

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते आधी तेलात विरघळवायचं, तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरवायचे आणि ते थेंब अल्जिनेटच्या जाळीत पकडायचे, असा हा क्रम आहे. भुकटी किंवा अर्क थेट अल्जिनेटमध्ये ढवळला तर मणी पिवळेधमक दिसतात खरे, पण आत असतात न विरघळलेले स्फटिक. ते वजनात धरले जातात, आतड्यात मात्र सहजासहजी विरघळत नाहीत.

*तेल.* १० ग्रॅम एमसीटी तेल (मध्यम लांबीच्या मेदाम्लांचं तेल) ६० अंशांना गरम करा. ३० मिलिग्रॅम कर्क्युमिनएवढा अर्क घालून अंधारात १५ मिनिटं ढवळा. गार झाल्यावर सेंट्रिफ्यूज करा. तळाशी गाळ बसला तर वरचं तेल काढून त्यातलं कर्क्युमिन पुन्हा मोजा. आता हिशेबात घ्यायचा आकडा हाच.

*इमल्शन.* ९० ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात ०.९ ग्रॅम ट्वीन ८० (तेलाचे थेंब पाण्यात टिकवणारा सर्फॅक्टंट) विरघळवा, तेल सावकाश घालत होमोजिनायझर ५ मिनिटं चालवा. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा, कारण घर्षणाने द्रावण चांगलंच तापतं. एक तासाने पाहा. वर मलईसारखा थर आला असेल तर थेंब मोठे राहिले आहेत, पुन्हा फिरवा.

*अल्जिनेट.* सोडियम अल्जिनेटचं ३ टक्के द्रावण १०० ग्रॅम करा. पाणी जोरात फिरत असताना भुकटी चिमटीचिमटीने भुरभुरवा. एकदम ओतली की बाहेरून फुगलेल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात, त्या नंतर सुटत नाहीत. द्रावण रात्रभर थंड जागी ठेवा, हवेचे बुडबुडे निघून जातील. पाणी डिस्टिल्डच हवं, जड पाण्यातलं कॅल्शियम भांड्यातच अल्जिनेट घट्ट करतं.

इमल्शन आणि अल्जिनेट समान वजनाने हलकेच एकत्र करा. मिश्रणात आता अल्जिनेट १.५ टक्के आणि तेल साधारण ५ टक्के आहे.

*मणी.* कॅल्शियम क्लोराइडचं २ टक्के द्रावण हवं. इथे बाटलीवरचं नाव नीट वाचा. डायहायड्रेटच्या २० ग्रॅममध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम क्लोराइड १५ ग्रॅमच असतं, बाकी स्फटिकातलं पाणी. निर्जल समजून तेवढंच तोललं तर मणी मऊ पडतात आणि कारण सापडत नाही. निर्जल २० ग्रॅमच्या जागी डायहायड्रेट २६.५ ग्रॅम घ्या.

मिश्रण सिरिंजच्या बोथट सुईतून थेंबथेंब सोडा. द्रावण हळूहळू फिरत असू द्या. सुई पृष्ठभागापासून ५ ते १० सेंटिमीटर वर धरा आणि दोन-चार थेंब टाकून पाहा: मणी शेपटीवाला आला तर सुई वर घ्या, चपटा झाला तर खाली आणा. २० ते ३० मिनिटं मुरू द्या, गाळा, डिस्टिल्ड पाण्याने एकदा झटपट धुवा. फार वेळ धुतलं की कॅल्शियमही निघून जातं.

*इशारा:* मण्यांखाली उरलेलं द्रावण आणि धुतलेलं पाणी फेकू नका. ट्वीन ८० आपल्याबरोबर थोडं कर्क्युमिन तिथे ओढून नेतं. दोन्हींचं आकारमान मोजा, कर्क्युमिन मोजा, लिहून ठेवा.

*वाळवणं.* ओलेच मणी वापरता येत असतील तर वाळवू नका, असंच मी सांगेन. ४० अंशांना वाळवले की मणी आक्रसतात आणि पृष्ठभागावर तेल येतं. फ्रीझ ड्रायरमध्ये आकार टिकतो, पण जाळी सच्छिद्र होते आणि हवा आत शिरते. वाळवणं भाग असेल तर मिश्रणात आधीच थोडं माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली भुकटी) किंवा ट्रेहॅलोज (एक प्रकारची साखर) घाला.

स्प्रे ड्राइंग निवडलं असेल तर अल्जिनेटऐवजी गम अरेबिक आणि माल्टोडेक्स्ट्रिनच्या द्रावणात तेलाचं इमल्शन करा, एक भाग तेलाला चार भाग कवच. आत येणारी हवा १६० ते १८० अंश, बाहेर जाणारी ८० ते ९० अंश. बहुतेकांचं लक्ष आतल्या तापमानावर असतं. भुकटीला खरा चटका बसतो तो बाहेरच्या तापमानाचा: ते फार उतरलं तर भुकटी भिंतीला चिकटते, फार चढलं तर घटक जळतो. बाहेरचं तापमान पंपाचा वेग कमी-जास्त करून सांभाळा.

टप्पा ६: आत किती गेलं?

मणी फोडायला सोडियम सायट्रेट वापरतात, ते कॅल्शियम खेचून घेतं आणि मणी विरघळतो. पण ट्रायसोडियम सायट्रेटच्या द्रावणाचा पीएच ८ च्या आसपास असतो. त्यात कर्क्युमिन मोजण्याआधीच मोडायला लागतं. सायट्रिक ॲसिड घालून पीएच ६ वर आणा, मगच मणी टाका. ही एक दुरुस्ती केली की अनेकांचं ‘हरवलेलं’ कर्क्युमिन परत सापडतं.

मणी विरघळल्यावर त्यात इथेनॉल ओतू नका, अल्जिनेटचा साका बसून कर्क्युमिन त्यात अडकतं. त्याऐवजी इथिल ॲसिटेटने तीनदा काढून घ्या. ते पाण्यात फारसं मिसळत नाही आणि तेल व कर्क्युमिन दोन्ही सोबत घेऊन येतं. एकत्र केलेला थर इथेनॉलने पातळ करून मोजा. प्रमाण द्रावणंही याच मिश्रणात करा, कारण द्रावक बदलला की शोषकतेचं शिखर सरकतं. कर्क्युमिन न घातलेले मणी याच सगळ्या पायऱ्यांतून नेऊन ब्लँक, म्हणजे तुलनेचा कोरा नमुना म्हणून वापरा.

पृष्ठभागावरचं कर्क्युमिन वेगळं मोजा: वाळलेले मणी थोड्या इथेनॉलमध्ये काही सेकंद हलवा, गाळा, मोजा. जास्त वेळ ठेवलं तर आतलंही बाहेर येतं, तेव्हा वेळ प्रत्येक नमुन्याला तीच ठेवा.

आता तो आकडा. समजा ३० मिलिग्रॅम कर्क्युमिन घातलं. १५ ग्रॅम वाळलेल्या मण्यांत एकूण २६ सापडलं, त्यातलं २ पृष्ठभागावर. म्हणजे खरोखर आत २४.

घातलेल्या मालाच्या तुलनेत: २४ भागिले ३०, म्हणजे ८० टक्के.
मण्यांत सापडलेल्याच्या तुलनेत: २४ भागिले २६, म्हणजे ९२ टक्के.
भार: २४ मिलिग्रॅम भागिले १५ ग्रॅम, म्हणजे प्रतिग्रॅम १.६ मिलिग्रॅम.

तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही वेगळं सांगतात. ८० चा आकडा सांगतो की प्रक्रियेत किती वाया गेलं. ९२ चा सांगतो की जे मण्यांत राहिलं ते किती आत आहे. भार सांगतो की एका मात्रेसाठी किती मणी लागतील, आणि अन्नात किंवा गोळीत घालणाऱ्याला बहुधा हाच हवा असतो. फक्त ९२ छापून मोकळं होणं ही वाचकाची फसवणूक आहे, अजाणता केली तरी.

*तपासणी:* मणी, कॅल्शियमचं द्रावण, धुतलेलं पाणी या तिघांतलं कर्क्युमिन मिळवा. घातलेल्या ३० शी बेरीज जुळत नसेल तर उरलेलं भांड्याच्या भिंतीला लागलं आहे, सिरिंजच्या प्लॅस्टिकला चिकटलं आहे किंवा मोडलं आहे. ब्लँक मण्यांत माहीत असलेलं कर्क्युमिन मिसळून तेच परत काढून पाहा. ९५ टक्क्यांहून कमी मिळालं तर दोष आधी मोजणीत शोधा, मण्यांत नंतर.

टप्पा ७: सुटण्याची चाचणी

अन्नासाठी इन्फोजेस्ट ही प्रयोगशाळेत पचनाची नक्कल करणारी पद्धत सर्वत्र वापरतात: ३७ अंशांना जठराचा टप्पा पीएच ३ वर २ तास, मग आतड्याचा टप्पा पीएच ७ वर पित्तक्षार आणि पॅन्क्रिएटिनसह (स्वादुपिंडातल्या पाचक रसांच्या मिश्रणासह) २ तास. औषधासाठी फार्माकोपियातली (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथातली) विद्राव चाचणी वेगळी, तिचा आम्लाचा टप्पा याहून कितीतरी तीव्र असतो. एकीचे आकडे दुसरीच्या आकड्यांशेजारी ठेवू नका.

इथे चार ठिकाणी घसरगुंडी आहे.

पहिली, नुसतं फॉस्फेट बफर. फॉस्फेट मण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं आणि मणी विरघळतो. बाहेर आलं ते तेलाच्या थेंबांसकट. यंत्राला दिसतो तो गढूळपणा, आणि वहीत लिहिलं जातं ‘१०० टक्के सुटलं’. नमुना वेगाने सेंट्रिफ्यूज करून मधला स्वच्छ थर मोजा. शोषणासाठी उपलब्ध होतं ते त्यातलंच.

दुसरी, माध्यमाची क्षमता. साध्या पाण्यासारख्या बफरमध्ये कर्क्युमिनला विरघळायला जागाच नसते. मग मणी सोडायला तयार असूनही आलेख आडवा पडतो आणि कवच फार भक्कम आहे असा गैरसमज होतो. पित्तक्षार किंवा सर्फॅक्टंट घाला, आणि सगळं कर्क्युमिन सुटलं तरी माध्यम संपृक्ततेच्या एक तृतीयांशाच्या आत राहील इतकं आकारमान घ्या.

तिसरी, मोडतोड. ३७ अंशांना पीएच ७ च्या वर, प्रथिनं नसलेल्या बफरमध्ये, उघडं कर्क्युमिन अर्ध्या तासात बहुतांशी नाहीसं होतं. मोडून तयार झालेले पदार्थ ४२५ ला दिसत नाहीत. म्हणून आधी चढलेला आलेख नंतर उतरतो. शेजारच्या भांड्यात तेवढंच मोकळं कर्क्युमिन त्याच माध्यमात ठेवा आणि दोन्ही एकत्र वाचा.

चौथी साधी आहे. ५ मिली नमुना काढून ५ मिली ताजं माध्यम घातलं असेल तर काढून घेतलेलं कर्क्युमिन पुढच्या प्रत्येक आकड्यात मिळवा.

*इशारा:* या मण्यांची चव घेऊ नका आणि कुणाला देऊ नका. प्रयोगशाळेतली भांडी, द्रावकं आणि अर्क खाण्यासाठी तपासलेले नसतात. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जेईसीएफए या अन्नातल्या पूरक द्रव्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने कर्क्युमिनचं रोजचं स्वीकार्य प्रमाण दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठरवलं आहे. कवचाचा हेतूच शोषण वाढवण्याचा असतो, तेव्हा साध्या कर्क्युमिनची सुरक्षिततेची माहिती कवचातल्या कर्क्युमिनला जशीच्या तशी लावता येत नाही. ती वेगळी तपासावी लागते.

टप्पा ८: साठवण

मणी गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, ४ अंशांना ठेवा. ओले मणी डिस्टिल्ड पाण्यात ठेवले की हळूहळू मऊ होतात, त्याऐवजी अगदी पातळ कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि महिन्याने तीन आकडे घ्या: एकूण कर्क्युमिन, पृष्ठभागावरचं कर्क्युमिन आणि तेलाचं पेरॉक्साइड मूल्य (तेल किती खवट होऊ लागलंय याचा आकडा). एकूण तेवढंच राहून पृष्ठभागावरचं वाढत असेल तर कवच गळतंय, तेव्हा टप्पा ५ मधलं अल्जिनेटचं प्रमाण आणि थेंबांचा आकार पुन्हा पाहा. एकूणच घटत असेल तर कवच शाबूत असूनही आत उजेड किंवा प्राणवायू पोहोचतोय, आणि बदलायची आहे ती बाटली.